मागच्या सीटवर बसणाऱ्यासाठी आलिशान गाडी: आतून इलेक्ट्रिक बरी की पेट्रोल?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घरी मोठी गाडी घ्यायचं चाललंय. गाडी वडिलांसाठी आहे. आबांचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. गाडी ड्रायव्हर चालवणार आणि आबा कायम मागच्या डाव्या सीटवर. कोल्हापूर-पुणे नेहमीचं, मुंबई अधूनमधून. त्यामुळे शून्य ते शंभर किती सेकंदांत, हॉर्सपॉवर किती, यात मला रस नाही. रेंज आणि चार्जिंगवर इथे आधीच बरेच धागे आहेत, ती चर्चा कृपया तिकडेच ठेवू. मला फक्त आतलं विचारायचंय: सीट, पाय ठेवायची जागा, आवाज, एसी, स्क्रीन, बटणं.

सध्या यादीत चार नावं आहेत. मर्सिडीजची ईक्यूएस आणि एस-क्लास, बीएमडब्ल्यूची आय७ आणि ७४०आय. म्हणजे दोन इलेक्ट्रिक आणि त्यांच्या दोन पेट्रोल बहिणी.

कागदावर पाहिलं तर इलेक्ट्रिक गाड्या आतून फार पुढे गेलेल्या वाटतात. ईक्यूएसचा हायपरस्क्रीन डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ५६ इंच, एकाच काचेखाली तीन पडदे. एस-क्लासमध्ये मधोमध १२.८ इंचाचा एकच उभा पडदा आणि ड्रायव्हरसमोर १२.३ इंचाचा. पण हे सगळं पुढे बसणाऱ्यांसाठी झालं. मागे बसलेल्या माणसाला इलेक्ट्रिक असल्याने आतून नेमका काय फरक पडतो? ज्यांनी या गाड्यांत मागे बसून लांबचा प्रवास केलाय किंवा ज्यांचा या क्षेत्राशी संबंध आहे, त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

तिसरा गिअर

चांगला धागा. आपल्याकडे गाड्यांवरच्या बहुतेक चर्चा स्टिअरिंगमागे बसूनच होतात.

तुमच्या यादीतली बीएमडब्ल्यूची जोडी सगळ्यात आधी पाहा, कारण तिथे तुलना स्वच्छ होते. २०२२ साली आलेली ७ सिरीजची ही पिढी एकाच सांगाड्यावर पेट्रोल आणि इलेक्ट्रिक अशा दोन्ही रूपांत बनवलीय. दोघींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३,२१५ मिलिमीटर. आत बसलात तर डॅशबोर्ड तोच, १२.३ आणि १४.९ इंचांचा वळणदार पडदा तोच, मागच्या दारांवरचे साडेपाच इंचांचे टच पॅनल तेच, छतातून खाली उतरणारा ३१.३ इंचांचा थिएटर स्क्रीनही तोच. म्हणजे स्क्रीन, चामडं, लाइटिंग, स्पीकर यांचा इंधनाशी काही संबंध नाही. कंपनीने ते द्यायचं ठरवलं तर पेट्रोलमध्येही मिळतं. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, मागे बसून पाहिल्या तर जो फरक जाणवेल तेवढाच इलेक्ट्रिकचा खरा फरक. बाकीची सगळी जाहिरात.

मला जाणवलेला फरक सांगतो. उभ्या गाडीत आणि तीस-चाळीसच्या वेगात आय७ फार शांत वाटते. ७४०आयचं सहा सिलिंडरचं तीन लिटर इंजिन मुळातच गुळगुळीत आहे, तरी सिग्नलवरून निघताना ते कामाला लागलेलं कळतं. शंभरच्या पुढे मात्र दोघींमधलं अंतर कमी होत जातं, कारण तिथे वारा आणि टायरच बोलत असतात. मोकळ्या एक्स्प्रेसवेवर मागे डोळे मिटून बसलात तर पहिल्या पाच मिनिटांत सांगणं अवघड जाईल.

दुसरं म्हणजे वजन. आय७ अडीच टनांच्या वर जाते, पेट्रोलवाली सुमारे दोन टनांची. एअर सस्पेन्शन दोन्हींना आहे. लहान खडबडीतपणा जड गाडी छान गिळते. खोल खड्डा आला की मात्र ते वजन खाली आदळल्याचं जाणवतं.

मर्सिडीजची जोडी वेगळी आहे. ईक्यूएस ही एस-क्लासची इलेक्ट्रिक आवृत्ती नाही, तिचा सांगाडाच निराळा. त्यामुळे तिथे इंधनाची तुलना करायला जाल तर दोन वेगळ्या गाड्यांची तुलना होऊन बसेल.

---

घाटवाट

तिसरा गिअर यांच्याशी सहमत, आणि त्यांनी जिथे सोडलं तिथेच आबांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. फ्लोअर.

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी दोन्ही चाकांच्या मध्ये, पायांखाली पसरलेली असते. बॅटरीच्या जाडीएवढं फ्लोअर वर येतं. आता छतही तेवढंच वर नेलं तर काही बिघडत नाही, एसयूव्हीत तेच करतात. पण सेडानमध्ये छत वर नेलं की हवेचा विरोध वाढतो आणि रेंज घटते. ईक्यूएसचा हवेच्या विरोधाचा आकडा ०.२० आहे, रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाड्यांत हा फारच कमी. तो आकडा साधायचा तर छत धनुष्यासारखं उतरतं ठेवावं लागतं. वरून छत खाली, खालून फ्लोअर वर, आणि मधल्या जागेत सीट बसवायची. मग सीटची गादी फ्लोअरच्या जवळ येते, गुडघे वर राहतात आणि मांडीखाली आधार उरत नाही. व्हीलबेस ३,२१० मिलिमीटर, म्हणजे एस-क्लासच्या ३,२१६ च्या जवळपास तेवढाच, पण लांबी आणि उंची या वेगळ्या गोष्टी. पाय लांब करायला जागा असूनही मांडी अधांतरी राहू शकते.

पोर्शने टायकान या इलेक्ट्रिक गाडीत यावर केलेला उपाय मला फार आवडतो. मागच्या प्रवाशांचे पाय येतात तिथे बॅटरीलाच खाच ठेवलीय. तेवढ्या भागात सेल नाहीत, तिथे पावलं खाली जातात. त्याला ते फूट गराज म्हणतात. थोडी बॅटरी कमी, पण माणूस माणसासारखा बसतो. बीएमडब्ल्यूने दुसरी वाट धरली. बॅटरी सपाट ठेवली, जाडी ११० मिलिमीटरच्या आसपास, आणि ७ सिरीजची उंची आधीच्या पिढीपेक्षा वाढवली. गाडी बाहेरून थोराड दिसते ती त्यामुळेच. अनेकांना तिचं रूप पटत नाही, पण आत बसणाऱ्याला फायदा होतो.

मर्सिडीजनेही हे ओळखलंय. २०२४ साली ईक्यूएस सुधारून आणली तेव्हा मागच्या सीटवर काम केलं आणि बॉनेटवर उभा तारा परत आणला.

---

नेकरकाठचा

श्टुटगार्टहून लिहितोय. गाड्यांमधला आवाज आणि कंप हेच माझं रोजचं काम, त्यामुळे राहवलं नाही. कंपनीचं नाव आणि आतल्या गोष्टी अर्थातच लिहिणार नाही.

इलेक्ट्रिक गाडी आपोआप शांत होते हा समज अर्धाच खरा आहे. इंजिनाचा आवाज हा एक पडदाही असतो. तो दार, सीटची रेल, एसीचा पंखा, पंप, प्लास्टिकचं करकरणं, सगळं झाकून टाकतो. इंजिन काढलं की हे सगळे आवाज उघडे पडतात. इंजिनाच्या गाडीत ज्या पंपाकडे कुणी ढुंकून पाहत नाही, त्याच पंपाला इलेक्ट्रिकमध्ये रबराच्या गादीवर बसवावं लागतं. मोटरची स्वतःची एक बारीक, उंच स्वरातली शीळ असते, म्हणून मोटरला फोमच्या आवरणात गुंडाळतात. टायरच्या पोकळीतली हवा २०० हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणून टायरच्या आतून फोमचा पट्टा चिकटवतात. खिडक्यांना दोन काचांमध्ये आवाज शोषणारा थर घालतात. एवढं केल्यावर ती शांतता येते. स्वस्त इलेक्ट्रिक गाडीत यातलं बरंच नसतं, म्हणून ती शहरात शांत आणि हायवेवर गोंगाटी वाटते.

म्हणून आलिशान गाड्यांत इलेक्ट्रिकची बाजू खरोखर वरचढ ठरते. पैसा आणि वजन दोन्ही खर्च करायची मुभा असते. रोल्स-रॉइसने स्पेक्टर या इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीलाच आवाज रोखणारी भिंत म्हणून वापरलं. फ्लोअर आणि रस्ता यांच्यामध्ये जवळपास ७०० किलोचा थर असला तर खालून येणारा आवाज अडतोच. गंमत म्हणजे या कंपनीचे एक संस्थापक चार्ल्स रोल्स यांनी १९०० सालीच इलेक्ट्रिक गाडीची तारीफ केली होती: आवाज नाही, वास नाही, कंप नाही, फक्त चार्जिंगची ठिकाणं झाली पाहिजेत. रोल्स-रॉइस कंपनी तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

आणखी एक. कंपन्या आता स्पीकरमधून कृत्रिम आवाजही देतात. बीएमडब्ल्यूने त्यासाठी संगीतकार हान्स झिमर यांना सोबत घेतलं. मर्सिडीजमध्ये सिल्व्हर वेव्ह्ज, व्हिव्हिड फ्लक्स असे पर्याय आहेत. हे सगळं बंद करता येतं. मागे वयस्कर माणूस असेल तर पहिल्या दिवशीच बंद करा.

---

मनवा ठाणे

मी या चर्चेत एक वेगळी गोष्ट टाकते, कारण आमच्या घरी तिचा त्रास झालाय. गाडी लागणे.

आमच्या घरी इलेक्ट्रिक गाडी आल्यावर सासूबाईंना घाटात गाडी लागायला लागली. त्याआधी कधीच लागत नव्हती. कारण निघालं रीजनरेशन. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलटी काम करून बॅटरी भरते आणि गाडी लगेच ओढल्यासारखी मंदावते. ड्रायव्हरला माहीत असतं की आता गाडी थांबणार, त्याचं शरीर तयार असतं. मागे बसलेल्याला काहीच सूचना नसते. पेट्रोल गाडीत इंजिनाचा आवाज बदलतो, गिअर पडतो, कान आधीच सांगतात. इथे कान गप्प, आणि डोकं मात्र पुढेमागे होत राहतं. त्यात नजर स्क्रीनवर असेल तर विचारूच नका.

उपाय सोपा होता, रीजनरेशन सगळ्यात कमी पातळीवर ठेवणे. पण ड्रायव्हरला ते पटवून द्यावं लागलं, कारण त्याला जास्त रीजनरेशनमध्ये ब्रेक दाबावा लागत नाही आणि आकडा चांगला दिसतो. पंचगंगाकाठ, तुमच्या वाटेत खंबाटकी आहे, मुंबईला गेलात तर खंडाळाही आहे. हे आधीच ठरवून ठेवा.

---

तिसरा गिअर

@मनवा ठाणे, अगदी महत्त्वाचं. पूरक माहिती: मर्सिडीजच्या इलेक्ट्रिक गाड्यांत स्टिअरिंगमागच्या पॅडलने रीजनरेशन कमी-जास्त होतं आणि डी प्लस या मोडवर ठेवलं तर गाडी पाय उचलल्यावर मोकळी घरंगळते. बीएमडब्ल्यूमध्ये बी (जास्त रीजनरेशनचा मोड) ऐवजी डी वर ठेवून मेन्यूतून कमी पातळी निवडायची. हे नीट केलं तर इलेक्ट्रिक गाडी उलट जास्त सुखाची होते, कारण गिअर बदलण्याचा झटकाच नाही. चांगला ड्रायव्हर मिळाला तर मागच्या माणसाच्या हातातल्या चहाची पातळी हलणार नाही.

---

संत्रानगरी

नागपूरकडून एसीची बाजू मांडतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा स्क्रीन किती इंचांचा यापेक्षा गाडीत शिरताना काय होतं हे महत्त्वाचं.

पेट्रोल गाडीत एसीचा कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. सिग्नलवर इंजिन मंद झालं की कंप्रेसरही मंदावतो. इलेक्ट्रिकमध्ये कंप्रेसर थेट बॅटरीवर चालतो, गाडी उभी असो की धावत असो, थंडावा सारखाच. घरातून निघण्याआधी दहा मिनिटं मोबाइलवरून एसी लावला की माणूस थंड गाडीत बसतो. काही पेट्रोल गाड्यांतही मोबाइलवरून इंजिन सुरू करता येतं, पण तळघरातल्या बंद पार्किंगमध्ये तसं करणं धोक्याचं आहे, कार्बन मोनॉक्साइड साठतो. इलेक्ट्रिकला ती भीतीच नाही.

दवाखान्याबाहेर किंवा कार्यालयाबाहेर आबा गाडीतच तासभर थांबले तर? मोठ्या गाडीचा एसी थंडावा टिकवायला साधारण दीड-दोन किलोवॉट घेतो असं धरा. शंभर युनिटच्या आसपासच्या बॅटरीतून तासाला दोन टक्के गेले. इंजिन सुरू नाही, धूर नाही, कंप नाही. वयस्कर माणसासाठी मला हा इलेक्ट्रिकचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. लोक याबद्दल का बोलत नाहीत कळत नाही.

दोन सावधगिऱ्या. भर उन्हात फास्ट चार्जिंगला लावून आत बसलात तर थंडावा बॅटरीलाही लागतो, अशा वेळी काही गाड्यांत केबिन थोडी गरम होते. आणि काचेचं छत. बिनपडद्याचं अख्खं काचेचं छत असलेल्या इलेक्ट्रिक गाड्या बऱ्याच आहेत, टेस्लाची मॉडेल वाय त्यातलीच. काचेवर कितीही थर दिलेला असला तरी दुपारी डोक्यावर ताप जाणवतो. पडदा सरकतो का, हे पाहूनच घ्या. सीटमध्ये हवा खेळवणारा पंखा मात्र दोन्ही प्रकारांत मिळतो, तो अजिबात सोडू नका.

---

नेकरकाठचा

@संत्रानगरी, उभ्या गाडीतल्या एसीचा मुद्दा शंभर टक्के. इकडे जर्मनीत तर विनाकारण इंजिन सुरू ठेवून उभं राहणं कायद्यानेच मना आहे. हिवाळ्यात पेट्रोलवाला गाडीबाहेर कुडकुडत काच खरवडतो आणि इलेक्ट्रिकवाला उबदार सीटवर येऊन बसतो.

हवा स्वच्छ करण्याबद्दल थोडं. ईक्यूएसचं बॉनेट ग्राहकाने उघडायचंच नाही, वायपरचं पाणीसुद्धा डाव्या बाजूच्या एका झडपेतून घालतात. इंजिन नसल्याने पुढे मोकळी झालेली जागा त्यांनी मोठ्या हेपा फिल्टरसाठी (अतिबारीक धूळ अडवणारी गाळणी) वापरली. पेट्रोल गाडीत एवढा मोठा फिल्टर ठेवायला जागा शोधावी लागली असती. धुळीचा त्रास असणाऱ्यांनी याकडे जरूर पाहावं.

---

कळफलक

स्क्रीनवर कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो, आणि थोडं कळकळीने लिहितो.

२०२२ साली व्ही बिलेगारे या स्वीडिश मासिकाने एक चाचणी घेतली. अकरा नव्या गाड्या आणि सोबत २००५ सालची एक जुनी व्होल्वो व्ही७०. ताशी ११० किलोमीटरच्या वेगात ड्रायव्हरने चार साधी कामं करायची: सीट गरम करणं, रेडिओचं केंद्र बदलणं, डॅशबोर्डचा उजेड कमी करणं अशा प्रकारची. जुन्या व्होल्वोत, जिथे सगळी बटणं होती, दहा सेकंद लागले. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात वाईट ठरलेल्या टचस्क्रीनच्या गाडीत ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. जवळजवळ दीड किलोमीटर अंतर ड्रायव्हरचं लक्ष विभागलेलं! एक्स्प्रेसवेवर पुढे ट्रक अचानक लेन बदलतो तिथे हे किती भयंकर आहे, विचार करा.

हा रोग फक्त इलेक्ट्रिकचा नाही. नव्या एस-क्लासमध्ये आधीच्या पिढीपेक्षा २७ बटणं कमी आहेत, आणि ती पेट्रोल-डिझेलचीच गाडी आहे. मर्सिडीजच्या दारावर सीटच्या आकाराचं बटण असायचं, १९७९ च्या डब्ल्यू१२६ पिढीपासूनचं. पाठ मागे न्यायची तर बटणाची पाठ मागे ढकलायची. न शिकवता कुणालाही कळणारी अशी रचना मी दुसरीकडे पाहिली नाही. आकार आजही तोच आहे, पण आता ते बटण हलत नाही, बोटाचा दाब ओळखतं. आबांसारख्या माणसाला बोटाखाली काहीतरी हललेलं कळायला हवं असतं.

वारा उलट फिरतोय ही समाधानाची गोष्ट. गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना प्रत्यक्ष बटण किंवा दांडी नसेल तर पूर्ण गुण द्यायचे नाहीत असं ठरवलंय. फोक्सवॅगननेही बटणं परत आणायला सुरुवात केलीय.

---

उद्याचा रस्ता

कळफलक यांचा प्रतिसाद मनापासून आलेला आहे, पण मी दुसऱ्या बाजूने बोलणार.

मोठा स्क्रीन म्हणजे वाईट हे समीकरण मला मान्य नाही. वाईट मेन्यू वाईट. हायपरस्क्रीनमध्ये नकाशा कायम समोर राहतो आणि ज्या वेळी तुम्ही नेहमी जे वापरता ते आपोआप वर येतं, मेन्यूत शिरावं लागत नाही. शेजारच्या प्रवाशाचा पडदा ड्रायव्हर बघायला लागला की कॅमेरा ते ओळखून चित्र मंद करतो. ही सुरक्षिततेची काळजीच आहे. शिवाय सॉफ्टवेअर घरबसल्या अद्ययावत होतं. बटण एकदा बसवलं की दहा वर्षं तेच काम करणार.

आणि मागच्या सीटसाठी स्क्रीन हे वरदान आहे. माझ्या आईला लांबच्या प्रवासात कीर्तन लावून दिलं की चार तास कसे गेले कळत नाही. थिएटर स्क्रीन खाली आला की पडदे आपोआप बंद होतात, दिवे मंद होतात. वयस्कर माणसांना हे आवडत नाही असं आपणच ठरवून टाकतो.

---

कळफलक

@उद्याचा रस्ता, मागच्या सीटबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे रस्त्यावर लक्ष ठेवायचं नसतं. पण एक विचार करा. चाकणच्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई मध्ये १२.३ इंचांचे तीन पडदे ओळीने आहेत आणि ती गाडी २०२४ च्या अखेरीस २१.९० लाखांपासून जाहीर झाली. टाटाच्या हॅरिअर ईव्हीत १४.५३ इंचांचा उत्तम पडदा आहे. चांगला पडदा आता पंचवीस लाखांत मिळतो. मग दीड-दोन कोटी कशाचे द्यायचे? सीटची यंत्रणा, फोम, काच, सस्पेन्शन, शांतता. या गोष्टी अजून स्वस्त झालेल्या नाहीत. शोरूममध्ये मात्र सेल्समन पहिली पंधरा मिनिटं स्क्रीनच दाखवतो.

"दहा वर्षं" वरून आठवलं. दहा वर्षांनी आजचं चामडं आणि लाकूड अजून देखणं असेल. आजच्या स्क्रीनचा वेग आणि आतली अ‍ॅप्स तशी असतील का, हा प्रश्न पेट्रोल असो वा इलेक्ट्रिक, दोन्हीकडे विचारलाच पाहिजे.

---

हिशेबनीस

थोडं अवांतर, पण आतल्या सोयींशी जोडलेलं. घेताना विचारा: कोणती सोय कायमची आणि कोणती वर्गणीवर? २०२२ साली बीएमडब्ल्यूने दक्षिण कोरियासारख्या काही देशांत सीट गरम करण्याची सोय महिन्याच्या वर्गणीवर ठेवली होती. यंत्रणा गाडीत बसवलेली, पण पैसे भरले तरच चालू. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी ते धोरण सोडलं. जर्मनीत ईक्यूएसची मागची चाकं साडेचार अंश वळायची, दहा अंश हवे असतील तर सुरुवातीला वर्षाला ४८९ युरो. कनेक्टेड सेवा किती वर्षं फुकट आहेत आणि थिएटर स्क्रीनच्या इंटरनेटचे पैसे कोण भरणार, हे लेखी घ्या.

किमतीचंही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर पाचच. ईक्यूएस आणि एस-क्लास दोन्ही चाकणला जोडल्या जातात. त्यामुळे दोन्ही रूपांची किंमत समोरासमोर ठेवताना कर वेगळा काढून पाहा, म्हणजे कळेल की प्रत्यक्ष गाडीला किती मोजताय.

---

चालते व्हा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सगळे प्रतिसाद वाचले, पण आबा गाडीत चढणार-उतरणार कसे हे कुणी विचारलं नाही.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बसताना कंबर गुडघ्यांच्या थोडी वर असावी. गुडघे वर आणि कंबर खाली अशी बैठक झाली की उठताना सगळा जोर गुडघ्यांवर येतो. सेडान, मग ती कितीही महाग असो, जमिनीला जवळ असते. घाटवाट यांनी सांगितलेलं वर आलेलं फ्लोअर इथे दुहेरी त्रास देतं: आत गुडघे वर, आणि उतरताना दाराचा उंबरठा ओलांडायला पाय आणखी उचलावा लागतो.

शोरूममध्ये हे करून पाहा. आबांना कुणाचाही हात न धरता मागे बसू द्या. पाठ टेकल्यावर मांडीखाली गुडघ्याजवळ तुमचा पंजा सहज शिरतो का बघा. शिरत असेल तर मांडीला आधार नाही. मांडीची गादी पुढे वाढवता येते का, पोटऱ्यांना आधार मिळतो का, तेही पाहा. एस-क्लासमध्ये सीट ४३.५ अंशांपर्यंत रेलते. रेलणं विश्रांतीला छान, पण रेललेल्या स्थितीतून सरळ व्हायला बटण हाताशी हवं. मग अर्धा तास तसंच बसवा. दहा मिनिटांत कोणतीही महागडी सीट छानच वाटते. शेवटी उतरायला सांगा आणि ते कशाला धरतात ते पाहा. दाराच्या चौकटीवर हात ठेवायला नीट जागा हवी.

माझ्या मते तुम्ही यादीत उंच गाड्या घ्यायलाच हव्यात. टोयोटाची वेलफायर आणि लेक्ससची एलएम हायब्रिड आहेत, एमजीची एम९ पूर्ण इलेक्ट्रिक आहे. सरकतं दार, खुर्चीच्या उंचीची सीट, पोटऱ्यांना आधार. उंच गाडीत बॅटरी फ्लोअरखाली गेली तरी गुडघ्यांना फरक पडत नाही.

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

पुण्यात आबांना घेऊन गाड्या पाहून आलो. सगळ्यांचं वर्णन करत नाही, कारण उंची आणि अंगकाठीप्रमाणे अनुभव बदलतो आणि एका माणसाच्या गुडघ्यांवरून गाडीला नाव ठेवणं बरोबर नाही. एवढं सांगतो की पंज्याच्या परीक्षेत एक इलेक्ट्रिक सेडान तिथल्या तिथे बाद झाली. आबांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. "उतरू कसा ते सांगा आधी," एवढंच म्हणाले.

आय७ मध्ये मात्र ते निवांत बसले. ड्रायव्हरला रीजनरेशन कमी ठेवायला सांगितलं होतं. बाणेरच्या गर्दीत आबांनी विचारलं, "गाडी बंद पडली काय?" गाडी सिग्नलला उभी होती. नंतर ७४०आयमध्ये त्याच रस्त्याने नेलं. तीही चांगलीच, पण त्यांनी आपणहून पहिलीचं नाव घेतलं. एसी लावून उभं राहता येतं हे सांगितल्यावर तर विषयच संपला. मार्केट यार्डात ते तासन्‌तास गाडीत बसून माणसांना भेटतात.

आता आय७ आणि एम९ यांत ठरवायचंय. एम९ मध्ये चढणं-उतरणं सोपं, यात वाद नाही. पुढच्या आठवड्यात दोन्ही गाड्या कोल्हापूरला आणून दाखवायचं कबूल करून घेतलंय, म्हणजे आमच्या पोर्चच्या उतारावर उतरून बघता येईल.

एक शेवटचं विचारतो: थिएटर स्क्रीन खाली असताना ड्रायव्हरला मागचं कसं दिसतं?

---

तिसरा गिअर

आतल्या आरशातून मागची काच झाकली जाते. बाहेरच्या दोन आरशांवर आणि कॅमेऱ्यांवरच काम चालवावं लागतं. एक्स्प्रेसवेवर एका लेनमध्ये चाललात तर अडचण नाही, पण घाटात आणि गावातल्या गर्दीत तो वर घ्यायला सांगा. दारावरच्या पॅनलवरून आबांना स्वतःलाही घेता येतो. डेमोच्या दिवशी त्यांच्याच हाताने करून पाहा. आणि स्क्रीन डोळ्यांच्या बराच जवळ येतो, तेव्हा चष्मा घालून आणि न घालता, दोन्ही प्रकारे बघू द्या.